घराला कुलूप, नेट चालू: घरचा कंप्युटर लांबून वापरायचा असेल तर

मुलांकडे सहा महिने अमेरिकेला निघालात, किंवा नोकरीसाठी बंगळूरला. टॅलीचा डेटा, स्कॅन केलेली कागदपत्रं, वर्षानुवर्षांचे फोटो, सगळं घरच्या कंप्युटरवर. आदल्या रात्री एनीडेस्क (कंप्युटर लांबून चालवायचं ॲप) टाकलं, मोबाइलवरून एकदा उघडून बघितलं, उघडलं. कुलूप लावून निघालात. आठ-दहा दिवसांनी बघावं तर ‘ऑफलाइन’.

अशा वेळी शिव्या नेट कंपनीला बसतात, पण पुष्कळदा लाइन धडधाकट असते. मध्यरात्री दोन मिनिटं लाइट गेली आणि आली. राउटर उठला, कंप्युटर झोपलेलाच राहिला. किंवा प्लॅनची मुदत संपली आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो तो फोन कपाटात बंद. घरात कुणी असतं तर एक बटण दाबून काम भागलं असतं. म्हणून नेट कधी जाऊच नये या हट्टापेक्षा, गेलं तरी कुणी हात न लावता सगळं परत उभं राहील एवढं बघा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी सुरुवात करा. शेवटच्या दोन दिवसांत हे होत नाही.

जवळ काय काय हवं

कागदपत्रं आणि माहिती: नेटचा ग्राहक क्रमांक, नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल, शेवटचं बिल, असेल तर पीपीपीओई (राउटर स्वतःच करतो त्या जोडणीचं) लॉगिन आणि पासवर्ड, ओएनटीच्या, म्हणजे फायबर जिथे संपते त्या डब्याच्या, मागच्या स्टिकरचा फोटो (सीरियल नंबर आणि मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, त्यावरच असतो), राउटरचा ॲडमिन पासवर्ड, वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक, आणि तुमच्या भागातल्या लाइनमनचा किंवा केबलवाल्याचा नंबर.

सामान: राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस (ॲडाप्टरच्या जागी बसणारा बॅटरीचा डबा), कंप्युटरपर्यंत पोचेल एवढी लॅन केबल, सीआर २०३२ बटण सेल, एक एचडीएमआय डमी प्लग, जाडसर वायरचा चांगला एक्स्टेंशन बोर्ड, चिकटपट्टी आणि मार्कर. शेवटच्या दोन वस्तूंना हसू नका, पायरी ८ मध्ये त्याच कामाला येतात.

१. आधी पैसे, मग तंत्र

ब्रॉडबँड प्रीपेड असेल तर मुदत संपली की लाइन त्याच दिवशी थांबते. तुमच्या मुक्कामापेक्षा एक महिना जास्त पुरेल असा प्लॅन आधीच भरा. परतीचं तिकीट पुढे ढकललं जातंच. ‘महिना’ म्हणजे २८ दिवस की ३० हे विचारून घ्या. सहा महिन्यांत तो फरक बारा दिवसांचा होतो. जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा धरायचा.

ऑटो-पेवर विसंबणार असाल तर एक मर्यादा माहीत हवी. अशा साध्या बिलांसाठी कार्डावरून किंवा यूपीआयवरून १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम आपोआप कापली जाते, त्यापुढे प्रत्येक वेळी तुमची मंजुरी लागते. वर्षाचा मोठा प्लॅन असेल तर ही अट नेमकी आडवी येते.

ओटीपीचा नंबर जिवंत ठेवा. प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरात नसेल तर कंपनी ते बंद करू शकते. परदेशात जाताना ते सिम फोनमध्ये ठेवून रोमिंगवर निदान एसएमएस येतात का ते बघा, नाहीतर नेटच्या खात्यावर घरच्या दुसऱ्या माणसाचा नंबर नोंदवून घ्या. गूगल, मायक्रोसॉफ्ट वगैरे खात्यांचे बॅकअप कोड कागदावर उतरवून पाकिटात ठेवा. घरच्या कंप्युटरवर सेव्ह केलेल्या बॅकअप कोडचा काहीही उपयोग नाही.

आणि वीजबिल. थकलं तर वीज कायद्यानुसार १५ दिवसांची नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो. ती नोटीस तुमच्या बंद दारात पडून राहणार. महावितरणकडे आगाऊ रक्कम भरता येते. मशीन किती खाईल याचा हिशोब सोपा आहे: ओएनटी आणि राउटर मिळून २० वॅट धरले तर महिन्याला साधारण १४ युनिट. साधा डेस्कटॉप ७० वॅटने चालू राहिला तर आणखी ५०. त्याच्या जागी १० वॅटचा मिनी पीसी असेल तर ७. वर्षभर चालू ठेवायचं असेल तर मिनी पीसीचा विचार नक्की करा.

२. घरात येणारी तार कोणती ते बघा

खिडकीतून येणारी बारीक, कडक केबल टोकाला हिरव्या कनेक्टरने डब्यात जात असेल तर ती फायबर, आणि तो डबा म्हणजे ओएनटी. निळी किंवा करडी लॅन केबल थेट राउटरला येत असेल तर फायबर बिल्डिंगमध्ये कुठेतरी संपलेली आहे आणि तिथून पुढे तांबं.

हा फरक फार महत्त्वाचा. फायबर थेट घरात असेल तर केबलवाल्याच्या ऑफिसपासून तुमच्या घरापर्यंत मधे बहुधा फक्त स्प्लिटर (एका फायबरच्या अनेक वाटा करणारे डबे) असतात आणि त्यांना वीज लागत नाही. म्हणजे आख्ख्या गल्लीची लाइट गेली तरी तुमचा ओएनटी बॅटरीवर असेल आणि त्यांच्या ऑफिसात बॅकअप असेल तर नेट चालू राहतं. तांब्याच्या लाइनवर मात्र जिन्यात किंवा मीटररूममध्ये एक स्विच बसवलेला असतो. तो कुणाच्या मीटरवर चालतो हे बऱ्याचदा सोसायटीच्या सेक्रेटरींनाही ठाऊक नसतं. त्याला बॅकअप नसेल तर तुमच्या घरातला यूपीएस कितीही महागाचा असो, नेट जाणारच. शिवाय वीज कडाडली की झटका तांब्यातून घरात येतो, फायबरमधून येत नाही. शक्य असेल तर फायबर घरात आणून घ्या.

ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ (फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) असा आकडा दिसतो, उणे डीबीएम या एककात. उणे १५ ते उणे २३ च्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ ही जवळजवळ शेवटची हद्द आहे. आत्ताच उणे २६ दिसत असेल तर पावसाळ्यात लाइन तुटत-जुळत राहील. तुम्ही घरी आहात तोवरच लाइनमनला बोलावून जोड नवे करून घ्या. केबल दाराच्या फटीत दबलेली नाही, खिळ्याभोवती घट्ट वळवलेली नाही हेही बघा. फायबरला काटकोनात वळवलेलं सोसत नाही.

आता केबलवाल्याला तीन प्रश्न विचारा. लॉगिन आपोआप होतं की ब्राउझरमध्ये पान उघडून करावं लागतं? काही छोट्या नेटवर्कवर लाइट जाऊन आली की ते पान पुन्हा भरावं लागतं. बंद घरात ते कोण भरणार? पीपीपीओई करून द्या म्हणावं. दुसरा प्रश्न, मॅक ॲड्रेस बांधलेला आहे का? असेल तर उद्या राउटर बदलल्यावर त्यांना फोन केल्याशिवाय नेट येणार नाही. तिसरा, तुमच्या ऑफिसात बॅकअप किती तास?

३. वीज

बाहेर जाताना मेन स्विच खाली करायची आपली जुनी सवय. इथे तसं करता येत नाही, पण सगळं चालू ठेवायचंही कारण नाही. ज्या एमसीबीवर नेट आणि कंप्युटर आहेत तेवढीच वर ठेवा. गिझर, एसी, पंप, स्वयंपाकघर खाली. यात आगीचा धोका कमी होतोच, पण आणखी एक फायदा आहे. पावसाळ्यात ओल धरलेल्या एखाद्या सॉकेटमुळे आरसीसीबी (वीजगळती झाली की सप्लाय तोडणारा खटका) पडली तर आख्खं घर जातं आणि ती वर करायला कुणी नसतं. जितकी सर्किट कमी चालू, तितकी ती पडायची शक्यता कमी. किल्ली ज्यांच्याकडे देणार त्यांना हे नीट सांगा. नाहीतर झाडांना पाणी घालायला आलेली मावशी भल्या मनाने चालू दिसलेला खटकाही बंद करून जाईल.

ओएनटी आणि राउटरला डीसी यूपीएस लावा. घेताना दोन्ही ॲडाप्टरवरचं छापील वाचा: १२ व्होल्ट १ अँपिअर, १२ व्होल्ट १.५ अँपिअर, ९ व्होल्ट ०.६ अँपिअर असं काहीतरी असेल. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टची पिन बसते. आणि मग राउटर बसतो तो कायमचाच. ॲडाप्टरवर मार्करने ‘ओएनटी’ आणि ‘राउटर’ लिहून टाका. बॅकअपच्या जाहिरातीवरही जाऊ नका. १०,००० एमएएच हा आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. दोन डबे मिळून १२ वॅट खात असतील तर तूट धरून अडीच तास मिळतील.

कंप्युटरच्या यूपीएसमध्ये एक खोडी असते आणि ती दुकानदार सांगत नाही. बॅटरी पूर्ण संपून यूपीएस बंद पडला, तर लाइट आल्यावर काही स्वस्त मॉडेल आपणहून सुरू होत नाहीत. पुढचं बटण दाबावं लागतं. घरीच परीक्षा घ्या: प्लग काढा, यूपीएस मरेपर्यंत थांबा, प्लग लावा, हात लावू नका. उठला तर ठेवा. नाही उठला तर कंप्युटरला यूपीएस नसलेला बरा.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा खटका ‘यूपीएस’ मोडवर हवा. ‘नॉर्मल’वर बदली व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कंप्युटर रीस्टार्ट होतो. ॲसिडच्या बॅटरीला दर तीन-चार महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर लागतं. ते कोण घालणार हे ठरवल्याशिवाय सहा महिने तिच्या भरवशावर जाऊ नका.

स्पाइक गार्डबद्दलही गैरसमज आहे. तो क्षणिक झटका अडवतो. खांबावर न्यूट्रल तुटून घरात बराच वेळ ३०० च्या वर व्होल्ट येत राहिले तर तो स्वतः जळतो, मागचं वाचवत नाही. आपल्याकडे न्यूट्रल तुटणं काही नवलाचं नाही. त्यासाठी व्होल्टेज वाढलं की सप्लाय तोडणारा आणि सुरळीत झालं की आपोआप जोडणारा प्रोटेक्टर मिळतो. ‘आपोआप जोडणारा’ हे शब्द दुकानात ठासून सांगा.

४. राउटर

कंप्युटर लॅन केबलवर ठेवा, वायफायवर नाही. राउटरमध्ये जाऊन कंप्युटरला कायमचा एकच आतला पत्ता द्या. डीएचसीपी रिझर्व्हेशन या नावाने तो पर्याय असतो. ॲडमिन पासवर्ड बदला, यूपीएनपी (ॲपना बाहेरचं दार आपोआप उघडून देणारी सोय) बंद करा, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) आत्ताच अपडेट करा. आणि एकदा निघालात की लांबून राउटरच्या फर्मवेअरला हात लावू नका. अपडेट अर्ध्यात अडकलं तर पुढचं बोलणं थेट परतीच्या विमानानंतर.

राउटर कपाटात, पडद्यामागे किंवा टीव्हीवर टाकलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली नको. मे महिन्यात बंद घराचं तापमान तुम्ही राहता तेव्हापेक्षा बरंच जास्त असतं.

५. कंप्युटर: स्वतः उठणारा

सगळ्यात महत्त्वाची सेटिंग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानात) आहे. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून आत जा आणि ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा ‘आफ्टर पॉवर फेल्युअर’ अशा नावाची ओळ शोधा. ती मूळची ‘पॉवर ऑफ’ असते, ‘पॉवर ऑन’ करा. ‘लास्ट स्टेट’ नको. कधी चुकून शट डाउन झालं तर ‘लास्ट स्टेट’वाला कंप्युटर लाइट येऊनही निपचित पडून राहील. त्याच भागात ‘ईआरपी’ (वीज वाचवायची सोय) दिसलं तर बंद ठेवा, ते चालू असेल तर पुढे सांगितलेलं वेक-ऑन-लॅन (लॅनवरून इशारा देऊन कंप्युटर उठवणं) चालत नाही.

बायोसमधला हा बदल पाच वर्षं जुन्या मशीनवर टिकेलच असं नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेला असेल तर लाइट जाताच सगळ्या सेटिंग पुसल्या जातात, घड्याळ मागे जातं आणि पडद्यावर ‘एफ १ दाबा’ असं लिहून कंप्युटर तुमची वाट बघत बसतो. चांगला सेल ३ व्होल्ट दाखवतो. २.८ च्या खाली असेल तर बदला. खरं तर मोजतही बसू नका, निघण्याआधी सरळ बदलून टाका. सेल बदलला की सेटिंग पुन्हा कराव्या लागतात, हे विसरू नका. कीबोर्ड नसताना बूट अडत असेल तर ‘हॉल्ट ऑन’ ही ओळ ‘नो एरर्स’वर ठेवा.

विंडोजमध्ये:

स्लीप आणि हायबरनेट दोन्ही ‘नेव्हर’. फक्त डिस्प्ले बंद होऊ द्या. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ काढून टाका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण असते, ती काढा. खात्याला पासवर्ड हवाच. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप (कंप्युटर लांबून चालवायची विंडोजची स्वतःची सोय) कोरा पासवर्ड स्वीकारत नाही आणि चार आकडी पिनही तिथे चालत नाही. रोज पिनने उघडणाऱ्या कितीतरी लोकांना आपला खरा पासवर्डच आठवत नसतो, तो आत्ता टाकून बघा. विंडोजची होम आवृत्ती असेल तर रिमोट डेस्कटॉपने तिच्यात शिरताच येत नाही, त्याला प्रो लागते. होमवाल्यांनी क्रोम रिमोट डेस्कटॉप, रस्टडेस्क किंवा एनीडेस्क वापरावं.

इथे आणखी एक सापळा. एनीडेस्कसारखी ॲप डाउनलोड करून नुसती चालवताही येतात. तशी चालवली तर रीस्टार्टनंतर ती सुरू होत नाहीत. ‘इन्स्टॉल’ करा आणि अनअटेंडेड ॲक्सेससाठी (समोर कुणी नसताना आत येण्यासाठी) लांबलचक पासवर्ड ठेवा. अशा ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं, तेव्हा आयडी आणि पासवर्ड कुणालाही फोनवर सांगू नका.

मॉनिटर काढून ठेवणार असाल तर काही ग्राफिक्स कार्डं चित्र काढायचंच थांबवतात आणि लांबून काळा पडदा दिसतो. एचडीएमआय डमी प्लग खोचला की कार्डाला मॉनिटर आहे असं वाटतं.

लॅपटॉप ठेवायचा असेल तर त्याची बॅटरी हाच यूपीएस. झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ करा, चार्जिंगची मर्यादा ६० ते ८० टक्क्यांवर आणा. महिनोन्‌महिने १०० टक्क्यांवर, गरम खोलीत, बॅटरी फुगते. पण बॅटरी पूर्ण संपून बंद पडलेला लॅपटॉप लाइट आल्यावर स्वतः उठेलच असं नाही. बायोसमध्ये ‘वेक ऑन एसी’ आहे का बघा. नसेल तर डेस्कटॉप किंवा मिनी पीसी बरा.

६. बाहेरून आत यायची वाट

आता तपासा की तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मिळतो का. राउटरच्या पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावरचा आकडा बघा. दोन्ही सारखे असतील तर आयपी तुमचा. वॅनवर १० ने सुरू होणारा, किंवा १००.६४ ते १००.१२७ मधला आकडा दिसला तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. सोप्या भाषेत, चाळीला एकच टपालपेटी आहे आणि बाहेरून आलेलं पत्र कुठल्या खोलीचं ते कुणाला कळत नाही. अशा वेळी पोर्ट फॉरवर्डिंग आणि डीडीएनएस (बाहेरून थेट राउटरमधून आत यायचे उपाय) यांच्यात रात्र घालवू नका. ते चालणारच नाही. कंपनीकडून स्टॅटिक (न बदलणारा) आयपी विकत घेणं हा एक मार्ग, बहुतेकांना त्याची गरज नसते.

आयपी स्वतःचा असला तरी रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ हे पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, इंटरनेटवर उघडू नका. ब्लूकीप नावाची गंभीर त्रुटी २०१९ मध्ये याच दारात सापडली होती, आणि उघडी दारं धुंडाळणारे रोबोट रात्रंदिवस फिरत असतात.

सोपा आणि सुरक्षित उपाय म्हणजे टेलस्केलसारखं जाळं. घरचा कंप्युटर आणि तुमचा लॅपटॉप दोन्ही एकाच खात्यात जोडले की ते एकमेकांना घरातल्यासारखे दिसतात. दोन्ही बाजू आतून बाहेर जोडणी करतात, म्हणून सीजीनॅट आड येत नाही. मग त्या आतल्या पत्त्यावर रिमोट डेस्कटॉप चालवा. दोन गोष्टी मात्र आठवणीने करा. विंडोजवर ‘रन अनअटेंडेड’ चालू करा, नाहीतर कुणी लॉगिन केल्याशिवाय टेलस्केल जोडलं जात नाही. आणि ॲडमिन पानावर घरच्या मशीनसाठी ‘की एक्स्पायरी’ (लॉगिनची मुदत संपणं) बंद करा. मूळ मुदत १८० दिवसांची असते. मुलांकडचा मुक्काम सहा महिन्यांचा आणि ही मुदतही तेवढीच. परतायच्या तोंडावर, सगळे कागद हवे असतात नेमकं तेव्हा, मशीन पुन्हा लॉगिन मागतं.

स्वतःचं वायरगार्ड (टेलस्केलसारखंच, पण स्वतः उभं करायचं जाळं) चालवत असाल तर सीजीनॅटमागच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा. मधल्या यंत्रांना शांत पडलेली जोडणी फार वेळ लक्षात राहत नाही. जोडणी होते, पण पडदा काळाच राहतो असं झालं तर एमटीयू (एका खेपेत जाणाऱ्या डेटाचा आकार) कमी करा. पीपीपीओईवर तो मुळातच १४९२ असतो, वायरगार्डला १२८० देऊन बघा.

एकच वाट ठेवू नका. टेलस्केल मुख्य, आणि जोडीला क्रोम रिमोट डेस्कटॉपसारखी पूर्णपणे वेगळी दुसरी. एका वाटेच्या सेटिंग बदलायच्या असतील तेव्हा दुसऱ्या वाटेने आत या. ज्या फांदीवर बसलोय तिच्यावर कुऱ्हाड चालवायची नाही.

७. राखणदार

घरात आणखी एक छोटं यंत्र चालू ठेवा: रास्पबेरी पाय (हातावर मावणारा छोटा कंप्युटर) किंवा जुना अँड्रॉइड फोन, त्यावरही टेलस्केल. कंप्युटर दिसत नाही पण हे दिसतंय, म्हणजे नेट आहे, फक्त कंप्युटर झोपलाय. मग यावरून वेक-ऑन-लॅनचा इशारा पाठवून त्याला उठवा. हा इशारा घराच्या आतूनच द्यावा लागतो, म्हणून आत एक जागं यंत्र हवं.

राउटर महिनाभर चालून कधी कधी गोठतो. त्यासाठी स्मार्ट प्लग घेतात आणि फसतात. राउटरच्याच वायफायवर चालणाऱ्या प्लगने लांबून राउटर बंद केला, तर तो चालू करायचा हुकूम प्लगपर्यंत पोचणार कसा? त्यापेक्षा टायमर लावा: रोज ठरल्या वेळी १५ मिनिटं बंद, मग चालू. चकतीचा मेकॅनिकल टायमर स्वस्त असतो, पण लाइट गेली की त्याचं घड्याळही थांबतं. दोन महिन्यांत पहाटे चारचा टायमर दुपारी बारा वाजता राउटर बंद करायला लागतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. टायमर यूपीएसच्या पुढे, म्हणजे यूपीएस आणि राउटर यांच्या मधे हवा. भिंत आणि यूपीएसच्या मधे लावलात तर राउटर बंद होणारच नाही. डीसी यूपीएस असेल तर तिथे हा टायमर बसत नाही, मग राउटरच्या स्वतःच्या मेनूतलं ‘शेड्यूल्ड रीबूट’ वापरा. वेळ ठरवताना स्वतःचं घड्याळ बघा. पुण्यातले पहाटेचे चार म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीतले संध्याकाळचे साडेसहा, तुम्ही नेमके बसायची वेळ.

८. शेजाऱ्यांसाठी कागद

मार्कर आणि चिकटपट्टी काढा. ओएनटीवर १, राउटरवर २, कंप्युटरवर ३. प्रत्येक प्लगवरही तोच आकडा. वर भिंतीवर कागद:

‘तिन्ही खटके बंद करा. एक मिनिट थांबा. १ चालू करा, दोन मिनिटं थांबा. २ चालू करा, दोन मिनिटं थांबा. ३ चालू करा. १ वर लाल दिवा असेल तर फोटो काढून पाठवा. मागची बारीक छिद्रातली कळ दाबू नका.’

शेवटचं वाक्य लिहाच. मदतीला आलेला भाचा हौसेने टाचणी घेऊन ओएनटी रीसेट करतो आणि पीपीपीओईचं लॉगिन पुसून जातं.

९. रंगीत तालीम

घरात राहूनच, पण मोबाइल डेटावरून, तीन वेळा:

पहिली, मेन स्विच पाच सेकंद खाली आणि वर. दुसरी, एक रात्र पूर्ण बंद, म्हणजे सगळ्या बॅटऱ्या खरोखर संपतील. सकाळी मेन वर करा आणि घराबाहेर पडा. पंधरा मिनिटांत दोन्ही वाटांनी आत जाता आलं पाहिजे. तिसरी, ओएनटीची फायबर काढून तासाभराने परत लावा. याशिवाय लांबून एकदा विंडोज रीस्टार्ट करून बघा. ‘रीस्टार्ट’ म्हणतोय, ‘शट डाउन’ नव्हे. सवयीने शट डाउन दाबणारे कमी नाहीत.

मग एक शनिवार-रविवार गावाला जा आणि तिथून वापरा. जे बिघडायचं ते याच दोन दिवसांत बिघडू द्या.

१०. तरीही दिसेनासं झालं तर

आधी अर्धा तास थांबा. मग क्रम असा: राखणदार दिसतोय का? दिसत असेल तर वेक-ऑन-लॅन. तोही गायब असेल तर नेट प्लॅनची मुदत ॲपमध्ये तपासा. ती ठीक असेल तर शेजाऱ्यांना फोन करून ‘लाइट आहे का’ एवढंच विचारा. लाइट असेल तरच त्यांना वर जायचा त्रास द्या आणि ओएनटीचा फोटो मागवा. ‘एलओएस’ (सिग्नल नसल्याचा दिवा) लाल लुकलुकत असेल तर फायबर तुटली आहे. तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ असं सांगितलं की तिकडून राउटर रीस्टार्ट करायला सांगतात. ‘एलओएस लाल आहे, ॲडाप्टर तपासला आहे’ असं सांगा, म्हणजे लाइनमन लवकर निघतो. ‘पॉन’ (फायबर जोडणीचा दिवा) हिरवा स्थिर असून नेट नसेल तर लॉगिनचा किंवा बिलाचा घोळ आहे, त्यासाठी लाइनमनची गरजच नाही.

लाइनमनने ओएनटी बदलून दिला तर दोन गोष्टी तो घरात असतानाच फोनवर करून घ्या: वायफायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड टाकायला सांगा, नाहीतर राखणदार जोडला जाणार नाही. आणि राउटरची लॅन केबल पूर्वीच्याच पोर्टात आहे ना याचा फोटो घ्या. काही ओएनटींना एकच पोर्ट नेटचं असतं, बाकीची बंद. तुमच्या लॅपटॉपवर मशीन हिरवं दिसेपर्यंत त्याला चहा द्यायला शेजाऱ्यांना सांगा.